फलकावर काय लिहू?

प्रिय सुध्या,

प्रकृती ठीक. शुगर काठावर, डॉक्टरांची बडबड नेहमीचीच. आता मुद्द्यावर येतो, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही.

आप्पांच्या शर्टांच्या कॉलरी प्रदर्शनात लागताहेत. तीच माझी पेन्सिलची चित्रं, ज्यांना तू ‘धोब्याचा हिशेब’ म्हणून हिणवलं होतंस. शहराच्या कलादालनात, आणखी काही जणांबरोबर. भिंत चांगली मिळाली आहे. उजेड वरून तिरका पडतो, त्यामुळे विरलेल्या घडीवरचे सुटे धागे खरेच वाटतात. अगदी नाक लावल्यावर कळतं, पेन्सिल आहे. इथपर्यंत झकास.

घोळ आहे तो बाजूच्या फलकाचा. क्युरेटर मुलगी हुशार आहे, उगाच नावं ठेवणार नाही. तिला चित्रांमागचं कारण हवं होतं. मी सांगितलं, शेवटच्या वर्षी आप्पा शर्ट उलटा घालायचे, तासन् तास कॉलर चाचपत बसायचे आणि मला ‘सुधाकर’ म्हणून हाक मारायचे. तिचा मसुदा आला. पहिल्याच ओळीत ‘स्मृतिभ्रंश’, पुढे ‘ओळख’, ‘विस्मरण’, ‘अवकाश’. तुझे सगळे लाडके शब्द! मोडक्या खुर्चीच्या चित्राला ‘अस्तित्वाचा आक्रोश’ नाव देणारा माणूस तू. खुर्ची कॅन्टीनची होती, आणि मोडली होतीस तूच.

मी तेव्हापासून ‘शीर्षकहीन’वाला. चित्रकार गायतोंड्यांची बहुतेक चित्रं बिननावाची, मग मी कशाला नाव देऊ? त्यावर ‘आधी गायतोंडे हो’ हे तुझं ठरलेलं उत्तर.

आता त्या अमेरिकन कलावंताने, फेलिक्स गोन्झालेस-टोरेसने, माझी पंचाईत केली आहे. त्याचा तो कोपऱ्यातला खाऊच्या गोळ्यांचा ढीग आठवतो ना? चकचकीत रंगीत कागदातल्या, आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे साधारण ७९ किलो. बघणाऱ्याने एक उचलायची, ढीग ओसरत जातो, संग्रहालयाला वाटलं तर पुन्हा भरता येतो. १९९१चं काम. नाव ‘शीर्षकहीन’ आणि लगेच कंसात रॉसचं व्यक्तिचित्र. रॉस त्याचा जोडीदार, त्याच वर्षी एड्सने गेला. म्हणजे आपल्या दोघांचंही एकाच नावात भागलं!

२०२२ साली शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये या ढिगाशेजारच्या फलकावर एड्सचा उल्लेख उरला नाही म्हणून लोक भडकले आणि मजकूर बदलावा लागला. तेव्हा मीच तुला फोनवर तावातावाने म्हणालो होतो, त्याचं जाणंच पुसलं तर उरलं काय, गोळ्या? ते वाक्य आता माझ्याच मानगुटीवर बसलंय.

कारण उद्घाटनाला आई येणार. आप्पांचं ते अजूनही तिच्या लेखी ‘वयाचं विसरणं’च. नातेवाइकांपासून तिने किती निगुतीने झाकलं, तू पाहिलंयस. आणि आई पाट्या मोठ्याने वाचते. मावशी शेजारी उभी असणार.

बरं, नुसतं ‘कागदावर पेन्सिल’ लिहावं तर लोक म्हणतील शिवणकामाचा अभ्यास दिसतोय. सगळं लिहावं तर फलक वाचून हळहळतील, फोटो काढतील आणि पुढे जातील. कॉलरीकडे बघणार कोण? मधला मार्ग म्हणून ‘आप्पांचे शर्ट’ एवढंच लिहून पाहिलं. बरं वाटतंय, पण आईसाठी लपवतोय की चित्रासाठी, हे माझं मलाच ठरवता येत नाही. शिवाय मसुद्यात ‘सुधाकर’ही आहे. ते नाव तुझं, तुला विचारल्याशिवाय भिंतीवर कसं लावू?

तुझ्या मुलीचं ठरल्याचं कळलं, फार बरं झालं. तारीख कळव. गुडघ्याचं ऑपरेशन लग्नाआधी उरकून घे. वहिनींना नमस्कार.

फलक सोमवारी छापायला जातोय. रविवारपर्यंत लिहून कळव. फोन नको, फोनवर तू मला बोलू देत नाहीस. आणि ‘अवकाश’ हा शब्द सुचवलास तर याद राख.

तुझा,
नंदू