काका, आता चहा टाकायला उठू नका

ती. स्व. काकांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

तोंडावर आभार मानायला लागले की तुम्ही "बस, चहा टाकतो" म्हणून उठता. तीनदा असं झालंय. तिसऱ्या वेळी तर गॅसवर आधीच चहा होता. म्हणून आता लिहून आभार मानते आणि चारचौघांत मानते. वहिनी तुम्हाला हे वाचून दाखवतील, तेव्हा मध्येच उठू नका.

बार्शीहून मी पुण्याला आले २०१५ साली. भूगोलात बी. ए., सोबत एक ट्रंक आणि वडिलांनी सोयाबीनच्या पट्टीतून दिलेले आठ हजार. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर खोली, एका खोलीत चौघी. एमपीएससीचा अभ्यास, म्हणून सकाळी सातला अभ्यासिकेत, रात्री दहाला खोलीवर. पहिली तीन वर्षं बरी गेली, कारण 'दोन अटेम्प्टनंतर पोस्ट निघतेच' असं सगळेच म्हणायचे. दोनदा मेन्सपर्यंत गेले. एकदा चार मार्कांनी राहिले. चार मार्क हा फार वाईट आकडा. चाळीसनं राहिले असते तर तेव्हाच घरी गेले असते.

मग कोरोना. ५ एप्रिल २०२० ची पूर्वपरीक्षा पुढं जात जात १४ मार्च २०२१ वर आली आणि तीही तीन दिवस आधी पुढं ढकलली. त्या संध्याकाळी शास्त्री रोडवर पोरं उतरली त्यात मीही होते. घोषणा दिल्या, घसा बसला. शेवटी २१ तारखेला परीक्षा झाली. पेपर सोडवताना लक्षात आलं की पास झाले काय नि नापास झाले काय, मला काहीच वाटत नाहीये. त्याची भीती जास्त वाटली.

गावाकडं कुणी विचारलं, "पोरगी काय करते?" की वडील सांगायचे, "पुण्याला असते." पुण्याला असणं हाच जणू माझा धंदा. त्याच सुमारास एका सेमिनारला गेले होते, पाचशे रुपये भरून. वक्ता दोन तास सांगत होता की तुमची पॅशन शोधा. कुठं शोधायची, त्याचा पत्ता काही त्यानं दिला नाही. पाचशे रुपयांत माझी आठ दिवसांची मेस झाली असती.

२०२२ च्या उन्हाळ्यात मी नव्या पेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानात लागले. घरी सांगितलं, 'अर्धा वेळ आहे, अभ्यास चालू आहे'. खरं म्हणजे पूर्ण वेळ होता आणि अभ्यास बंद होता. दिवसभर दुसऱ्यांच्या नोट्स छापायच्या. मी स्वतः पाठ केलेली पानं मशिनमधून गरम गरम बाहेर यायची आणि कुणीतरी नवीन पोरगं ती छातीशी धरून न्यायचं.

तुम्ही आलात ते जूनमध्ये. छत्री बाहेर झटकली, कापडी पिशवीतून एक पुठ्ठ्याची फाईल काढली आणि म्हणालात, "वरच्या फीडरमधून घालायचे नाहीत हां. काचेवर एकेक." पिवळे, कडांना कुरतडलेले अकरा कागद होते. घडीच्या जागी उन्हात धरले तर पलीकडचं दिसावं इतके विरलेले. मी पंखा बंद केला. दोन हातांनी कागद काचेवर ठेवला, झाकण न दाबता वरून नुसती एक कोरी शीट धरली. पुढची गिऱ्हाईकं कुरकुरत होती. अकरा कागदांना वीस मिनिटं लागली.

पैसे देताना मी विचारलं, "काका, ही भाषा कोणती?"

तुम्ही चष्म्याच्या वरून पाहिलंत. "तुझीच."

एवढंच बोलून गेलात. मला रागच आला होता, खरं सांगते. सात वर्षं मराठीचा पेपर घासून काढलेली मुलगी मी, आणि मला माझीच भाषा वाचता येत नाही म्हणजे काय?

दुसऱ्या दिवशी तुम्ही परत आलात, तेव्हा हातात मोडीच्या, म्हणजे मराठीच्या जुन्या लिपीच्या, मुळाक्षरांचा एक तक्ता होता. तुमच्याच हातचा, आखीव वहीच्या पानावर. म्हणालात, "याची एक कॉपी काढ. तुझ्यासाठी. रुपया मी देतो." ती कॉपी अजून माझ्याकडे आहे. मधोमध चहाचा डाग पडलाय, तो 'ट' आणि 'ठ' यांच्यावर.

भूमी अभिलेख खात्यात तुमची नोकरी झाली, हे मला पुष्कळ नंतर कळलं. निवृत्तीनंतर कुणाकुणाचे जुने कागद तुम्ही वाचून द्यायचात, तेही फुकट. (हे काका, मला कधीच पटलं नाही. वकील त्याच वाचनाच्या जिवावर फी घ्यायचे.) दुकान बंद झाल्यावर साडेआठला मी तुमच्याकडे यायचे. पहिला आठवडा तुम्ही मला फक्त रेघ काढायला लावलीत. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग अक्षरं तिला लटकवत जायचं, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी. हात उचलायचा नाही. शब्द तोडायचे नाहीत. पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, हे ऐकल्यावर मी हसत सुटले होते. त्या भेदापायी माझे किती मार्क गेलेत, ते तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "चिटणिसांच्या काळात जन्मायला हवी होतीस."

वाचलेला पहिला शब्द 'मौजे'. त्याच्यापुढं गावाचं नाव. ते लागायला पुढचे चार दिवस.

मी चुकायचे ते एकाच तऱ्हेनं. दोन अक्षरं कळली की पुढचं अंदाजानं ठोकून द्यायची. 'वतन' असेल असं वाटलं की मला 'वतन'च दिसायचं. तुम्ही पेन्सिलीच्या टोकानं तिथंच थांबवायचात. "दिसावं असं वाटतं म्हणून दिसलेलं अक्षर धरायचं नाही. हाच लेखक हेच अक्षर दुसरीकडे कसं काढतो ते बघ, मग बोल." मग मी सगळा कागद पालथा घालायचे, त्याच माणसाचा दुसरा 'त' शोधत. निकालाच्या यादीत सात वर्षं मी माझं नाव कसं शोधत होते, ते मला त्या पेन्सिलीच्या टोकाशी आठवायचं. तुम्हाला हे कधी बोलले नाही.

तारखांचा दिवस तर मी विसरणार नाही. एका नकलेत होतं, 'इहिदे सितैन मया व अलफ'. मला वाटलं मंत्र आहे. तुम्ही एकेक पाकळी सोडवलीत. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. अकराशे एकसष्ट, सुहूर सन, म्हणजे तेव्हाच्या कागदांतली कालगणना. इसवी सन हवं तर त्यात पाचशे नव्याण्णव मिळव. मी वहीच्या कडेला बेरीज केली, १७६०. "आणि वर्ष पुढच्या जूनपर्यंत चालतं," तुम्ही म्हणालात, "म्हणजे पानिपत यातच." पानिपतची तारीख मी परीक्षेसाठी शंभरदा लिहिली असेल, १४ जानेवारी १७६१. पण ते साल जगत असलेली माणसं त्याला काय म्हणत होती, हे मला त्या रात्री कळलं. खोलीवर जाताना टिळक रोडवर मी मोठ्यानं 'इहिदे सितैन' म्हणत होते. एक रिक्षावाला थांबला, त्याला वाटलं पत्ता विचारतेय.

ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं, ती गोष्ट आता सांगते. सप्टेंबरमध्ये मी तुमच्यासमोर रडले होते. माझी सात वर्षं वाया गेली, मला कशातलंच काही येत नाही, एवढंच परत परत म्हणत होते. 'काही वाया जात नाही', 'जे होतं ते चांगल्यासाठी' असलं काही तुम्ही बोलला नाहीत. बोलला असतात तर मी दुसऱ्या दिवशी आलेच नसते. तुम्ही माझं रडणं संपेपर्यंत भिंग पुसत बसलात आणि म्हणालात, "तुला बसता येतं. मी खात्यात तीस वर्षं माणसं बघितली. एका कागदापुढं चार तास बसणारी पाच-सहा निघाली असतील. अक्षर काय, कुणालाही शिकवता येतं. बसणं शिकवता येत नाही."

मला आजवर कुणीच असं नेमकं सांगितलं नव्हतं. हुशार आहेस, जिद्दी आहेस, हे ऐकून कंटाळा आला होता. त्याचं करायचं काय, हे कुणाला ठाऊक होतं? 'बसता येतं' याचं काहीतरी करता येणार होतं.

पुराभिलेखचा, म्हणजे जुने सरकारी कागद सांभाळणाऱ्या खात्याचा, मोडी वर्ग केला, परीक्षा दिली. पास झाले तेव्हा यादीत नाव शोधताना हात कापत होते, जुनी सवय. वडिलांना तुम्ही फोन करावा म्हणून मी तुमच्या मागे लागले होते. तुम्ही साफ नाही म्हणालात. "तुझं तू सांग." तेव्हा राग आला, आज त्याचेही आभार मानते.

मग २०२३ च्या सप्टेंबरमध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती बसली आणि तहसील कचेऱ्यांतून एकदम मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. त्या राजकारणात मी पडत नाही. मला दिसल्या त्या फक्त वह्या. कोतवाल बुकं, गाव नमुना चौदा म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी, कडईपत्रकं. वाळवीनं जाळी केलेली, हात लावला की भुगा. एका गावी एक म्हातारी नातवाच्या खांद्याला धरून आली होती. तिच्या सासऱ्याच्या बहिणीच्या जन्माची नोंद मी वाचली. त्यात बाळाचं नाव नव्हतंच. बापाचं नाव, जात आणि 'मुलगी'. म्हातारी म्हणाली, "एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच, आजी." तिनं त्या शब्दावरून बोट फिरवलं. नियमाप्रमाणे मी हात लावू द्यायला नको होता.

आता काम बरं चालतं. वाटणीपत्रं, खरेदीखतं, देवस्थानांचे कागद येतात. पानामागे पैसे घेते आणि तुमच्यासारखं फुकट करत नाही. एखाद्या महिन्यात तीस पानं येतात, एखाद्यात चारच. बरोबरीच्या मैत्रिणी आता नायब तहसीलदार आहेत, त्यांच्या कचेरीत मी खाली बाकड्यावर बसून त्यांचीच दप्तरं वाचते. कधी कधी टोचतं. वही उघडली की विसरते.

वडिलांना मी दिवाळीत सांगितलं. ते काही बोलले नाहीत. उठून आत गेले आणि माळ्यावरची पत्र्याची पेटी घेऊन आले. आमच्या घरात एक कागद आहे, पणजोबांना मिळालेली इनामाची सनद. लहानपणापासून ऐकत आलोय. दसऱ्याला सोन्याबरोबर त्याची पूजा होते, हळद-कुंकू वाहून वाहून वरचा कोपरा लाल झालाय. वडील म्हणाले, "वाच."

वाचला. शके १८२९ चा कर्जरोखा निघाला. पणजोबा 'लिहून देणार', गावचे सावकार 'लिहून घेणार'. लग्नकार्याकरिता रोख पंच्याऐंशी रुपये, दरमहा दरशेकडा दीड रुपया व्याजानं, दोन बैल तारण.

घरात कुणीच बोलेना. शंभरावर वर्षं आम्ही कर्जाची पूजा करत होतो! आधी वडिलांना हसू फुटलं, असं की डोळ्यांतून पाणी आलं. आई मात्र हसली नाही. तिनं एवढंच विचारलं, "मग फेडलं का त्यांनी?"

काका, त्या कागदाच्या पाठीवर दोन ओळी आहेत. हात वेगळा आहे, घाईचा, शाई फिकी. मला पहिला शब्द 'भरून' वाटतोय. 'भरून पावलो' असेल तर फिटलं. पण मी आईला अजून काही सांगितलेलं नाही, कारण तो 'भ' दुसरीकडे कुठेच नाही, ताडून पाहायला काही नाही, आणि मला तो 'भ' असावा असं फार वाटतंय.

झेरॉक्स आणत नाही, मूळ कागदच आणते. रविवारी दहाला येते. भिंग पुसून ठेवा. चहा मी टाकेन.

आपली,
झेरॉक्सवाली