मतदान ते निकाल: नैरोबीतले ते सहा दिवस

पार्कलँड्स, नैरोबी

प्रिय मंदार,

तुमचं नैरोबीला यायचं नक्की झालं हे वाचून फार बरं वाटलं. केनियाची पुढची निवडणूक १० ऑगस्ट २०२७ ला आहे, तेव्हा वहिनींना आणि मुलांना पुण्यातच ठेवू का, असं विचारलं आहेस. भीती उगाच नाही. २००७ च्या निकालानंतर इथे अकराशेंहून जास्त माणसं मेली, सहा लाखांच्या आसपास बेघर झाली. पण २०२२ ची निवडणूक तितकीच अटीतटीची होऊन शांततेत पार पडली. ती कशामुळे, हे नीट समजून घे आणि मग ठरव.

खरा ताण मतदानाच्या दिवशी नसतोच. त्या दिवशी लोक पहाटेपासून निमूट रांगेत असतात. राष्ट्राध्यक्षापासून वॉर्डाच्या प्रतिनिधीपर्यंत सहा मतपत्रिका, सहा रंगांच्या. बोटांचा ठसा यंत्रावर घेऊन ओळख पटवतात. शेतात राबून ठसे झिजलेले असले की यंत्र अडतं, मग ओळखपत्राच्या नंबरावरून नाव शोधतात. चुकाही होतात: २०२२ मध्ये मोम्बासा आणि काकामेगा या काउंट्यांच्या (म्हणजे जिल्ह्यांसारख्या विभागांच्या) गव्हर्नरपदाच्या मतपत्रिकांवर उमेदवारांचे तपशील चुकीचे छापून आले आणि तिथलं ते मतदान २९ ऑगस्टवर गेलं.

ताण सुरू होतो पेट्या उघडल्यावर. आपल्याकडे यंत्रं सीलबंद होऊन स्ट्राँगरूममध्ये जातात. इथे मत जिथे पडलं त्याच खोलीत, बहुधा शाळेच्या वर्गात, त्याच रात्री मोजतात. केंद्राधिकारी एकेक मतपत्रिका उचलून पक्षांच्या एजंटांना दाखवतो आणि नाव पुकारतो. बेरीज फॉर्म ३४-ए वर चढते, एजंट सह्या करतात, एक प्रत दारावर चिकटते आणि फॉर्मचा फोटो निवडणूक आयोगाकडे जातो. एजंटाने सही नाकारली म्हणून निकाल रद्द होत नाही, त्याच्या नकाराचं कारण लिहून ठेवतात. हा दारावरचा कागद हाच सगळ्याचा पाया आहे.

२०२२ मध्ये अशी ४६,२२९ केंद्रं होती आणि आयोगाने फॉर्मचे फोटो सगळ्यांसाठी खुले ठेवले. मग वाहिन्यांनी आपापली बेरीज मांडली. राष्ट्राध्यक्षपदाचे दोन मुख्य उमेदवार म्हणजे विल्यम रुटो आणि रायला ओडिंगा. एकीने आधी रुटोंच्या बालेकिल्ल्यातले, रिफ्ट व्हॅलीकडचे फॉर्म घेतले, दुसरीने ओडिंगांच्या न्यांझाकडचे, की एकीकडे रुटो पुढे, दुसरीकडे ओडिंगा. लोक घाबरतात ते इथे. तेव्हा आकडा बघण्याआधी किती केंद्रांची बेरीज झाली ते बघायचं.

९ ऑगस्टला मतदान, १५ ला निकाल. रुटो ५०.४९ टक्के, ओडिंगा ४८.८५. त्याच संध्याकाळी किसुमूत आणि नैरोबीच्या काही वस्त्यांत टायर जळले. आयोगाच्या सातपैकी चार सदस्यांनी निकाल नाकारला. चारही उमेदवारांच्या टक्क्यांची बेरीज १००.०१ येते, म्हणजे १,४२,००० मतं जास्त, असं त्यांचं म्हणणं. मंदार, तूच गणित कर: एक कोटी बेचाळीस लाख मतांचा ०.०१ टक्का म्हणजे जेमतेम १,४२०, आणि तोही दोन दशांशांपर्यंत आकडे पूर्ण केल्यामुळे आलेला. मोबाइलवर आलेला कुठलाही आकडा असाच कागद-पेन घेऊन तपासायचा, मगच पुढे पाठवायचा.

आता घरचं. मतदार जिथे नोंदवलेला तिथेच मत देतो, त्यामुळे कामवाली, ड्रायव्हर, दारावरचा अस्कारी (रखवालदार), सगळे आठवडाभर आधी गावी निघतात आणि मटाटूचं, म्हणजे खाजगी मिनीबसचं, भाडं चढतं. त्यांचा पगार जुलैअखेरच द्या. दहा दिवस पुरेल इतका डाळ-तांदूळ, पीठ, तेल, दुधाची पावडर, औषधं. गॅसचा एक भरलेला सिलिंडर जादा. विजेचं टोकन (इथे वीज आधी पैसे भरून घेतात) आणि पाण्याची टाकी आदल्या आठवड्यात भरून. एम-पेसात, म्हणजे मोबाइलवरच्या पैशाच्या खात्यात, पैसे ठेवा, पण थोडी रोकडही हाताशी असू दे. गाडीची टाकी भरलेली. पासपोर्ट आणि परवाने एका पिशवीत, आणि भारतीय उच्चायुक्तालयात सगळ्यांची नावं नोंदवलेली.

पक्षाच्या रंगाचे कपडे घालू नका, सभेचे किंवा पोलिसांचे फोटो काढू नका. दुकानात कोणी विचारलं की "तुम्ही कोणाचे?", तर हसून "अमानी" म्हणायचं, म्हणजे स्वाहिलीत शांती.

मुलांना आजीकडे पाठवायचंच असेल तर परतीचं तिकीट निकालाच्या आठवड्याचं काढू नकोस. निकालानंतर सात दिवसांत सर्वोच्च न्यायालयात जाता येतं आणि न्यायालयाला चौदा दिवसांत निवाडा द्यावाच लागतो. २०१७ मध्ये त्याच न्यायालयाने निवडणूकच रद्द केली होती, म्हणून हरलेला पक्ष रस्त्यापेक्षा तिथे जातो. २०२२ मध्ये रुटोंचा विजय कायम ठेवणारा निवाडा ५ सप्टेंबरला आला, एकमताने, आणि १३ ला शपथविधी झाला. त्यामुळे सप्टेंबरच्या मध्यानंतरचं तिकीट बघ. वहिनींना हे पत्र वाचायला दे.

तुझा,
श्रीकांत