बिलिंगच्या वर्गांत ऑडिटही शिकवा

महोदय,

मुंबईत मेडिकल बिलिंगच्या वर्गांचे सध्या पेव फुटले आहे. तिथे कोड पाठ करून घेतात, क्लेम पाठवायला शिकवतात आणि मुलांना मालाड, विक्रोळी, ऐरोलीच्या नाइट शिफ्टला लावून देतात. तोच क्लेम पुढे सरकारी ऑडिटमध्ये उघडला गेला तर काय लागते, याचा अभ्यासक्रमात पत्ता नसतो. अमेरिकेतील होम केअर एजन्सींची बिले करणाऱ्यांना ही उणीव फार नडते.

कारण या बिलामागे ना एक्स-रे असतो ना डिस्चार्ज कार्ड. अटेंडंटने घरी जाऊन वृद्धाला अंघोळ घातली, जेवू घातले, याचा पुरावा म्हणजे तिची येण्याजाण्याची वेळ आणि तिने केलेली नोंद. मेडिकेडमध्ये, म्हणजे अमेरिकेतील कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेत, ही सेवा बहुधा १५ मिनिटांच्या युनिटने आकारतात. टी १०१९ हा नेहमीचा कोड. तिथल्या २०१६ च्या क्युअर्स कायद्यानुसार कोणती सेवा, कोणाला, कोणी, कोणत्या तारखेला, कुठे आणि किती ते किती वाजेपर्यंत दिली, हे इलेक्ट्रॉनिक व्हिजिट व्हेरिफिकेशनमध्ये, म्हणजे ईव्हीव्हीत, नोंदावे लागते. क्लेममधली युनिट त्याहून जास्त निघाली की तेवढे पैसे परत. शिवाय ऑडिटर बरेचदा नमुना तपासून त्यातल्या चुकांचे प्रमाण त्या मुदतीतल्या सगळ्या बिलांना लावतात, त्यामुळे किरकोळ वाटणारी चूकही महागात पडते.

मुंबईत बसून हमखास होणारी चूक घड्याळाची. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोनला घड्याळ तासभर पुढे जाते. रात्री दहा ते सकाळी सहा ही ड्युटी एरवी ८ तासांची, ३२ युनिट. त्या रात्री ती ७ तासांचीच भरते, म्हणजे २८. मध्यरात्रीला तारीख तोडायची असेल तर एरवी ८ आणि २४, त्या रात्री ८ आणि २०. आपल्याकडे घड्याळ कधी हलत नाही, त्यामुळे सवयीने ३२ टाकले जातात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी उलट होते, ९ तास भरतात. पण पेशंटसाठी आधी मंजूर झालेल्या युनिटपैकी तेवढी शिल्लक आहेत का, ते आधी पाहावे. सॉफ्टवेअर भारतीय वेळेवर ठेवणे हा आणखी एक घोळ. न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात संध्याकाळी सहाला केलेली नोंद प्रिंटवर दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारची दिसते, आणि ती मागाहून रचल्याचा संशय येतो. वेळ त्या राज्याचीच ठेवावी.

नोटीस आल्यावर तयारी सुरू करून उपयोग नाही. दर तिमाहीला ३० व्हिजिट चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात आणि प्रत्येकीचे कागद शेजारी शेजारी मांडावेत: मंजुरीपत्र, त्या तारखेला लागू असलेला केअर प्लॅन, ईव्हीव्ही, सहीची नोंद, पगारपत्रक, क्लेम, जमा रक्कम. वर्गांनी विद्यार्थ्यांकडून हाच सराव करून घ्यावा. यात सर्वांत बोलका कागद पगारपत्रक. बिल आठ तासांचे आणि अटेंडंटला पगार सहाचा, याला काय उत्तर देणार? पेशंट रुग्णालयात दाखल असतानाचे घरचे बिल किंवा एकच अटेंडंट एकाच वेळी दोन घरी, हे तर संगणकच पकडतो. हाताने केलेल्या दुरुस्त्यांकडेही लक्ष हवे. दर वेळी ‘फोनची बॅटरी संपली’ हे कारण कोण मानेल? आणि महिनाभर रोज आठ ते बारा, मिनिटाचाही फरक नाही, अशी नोंद आम्हाला तरी उशिराच्या नोंदीहून जास्त खटकते.

सरकारी आरोग्य योजनांतून बंदी घातलेल्यांची यादी ओआयजी, म्हणजे अमेरिकी आरोग्य खात्याचे महानिरीक्षक कार्यालय, दर महिन्याला अद्ययावत करते. प्रत्येक अटेंडंटचे नाव तिच्याशी ताडून त्या दिवसाचा प्रिंट फायलीला लावावा. यादीतल्या व्यक्तीचे काम कितीही चोख असले तरी त्याचे पैसे मिळत नाहीत.

जास्तीची रक्कम घेतल्याचे लक्षात आले तर ६० दिवसांत कळवून परत करायची असते. जाणूनबुजून दाबून ठेवली तर प्रकरण फॉल्स क्लेम्स ॲक्टखाली, म्हणजे सरकारकडून खोटे पैसे उकळण्याविरुद्धच्या कायद्याखाली, जाऊ शकते. अडचण अशी की शिफ्टचे टार्गेट पाठवलेल्या क्लेमवर ठरते. शंका आली म्हणून थांबवलेला क्लेम कुणाच्याच खाती जमा होत नाही. टीम लीडरनी आधी हे बदलायला हवे.

नोटीस आलीच, तर राहिलेली सही मागच्या तारखेने घेण्याचा मोह होतो. ते कागद हरवण्यापेक्षा वाईट. उशिराची नोंद आजच्याच तारखेने, कोणी आणि का केली ते लिहून करावी. मूळ नोंद खोडू नये. उत्तराची मुदत पहिल्याच दिवशी लिहून ठेवावी, मागितलेलेच कागद पानांना क्रमांक घालून द्यावेत आणि हुबेहूब प्रत आपल्याकडे ठेवावी. पेशंटची माहिती व्हॉट्सॲपवर तर अजिबात पाठवू नये.

– होम केअर बिलिंगमधील काही सहकारी, मालाड, मुंबई