उत्तर न सांगणाऱ्या अण्णांना

आदरणीय अण्णा,
सादर नमस्कार, वि. वि.

हे पत्र तुमच्या हातात दिलं असतं तर तुम्ही ते न उघडता शर्टाच्या खिशात सरकवलं असतं आणि "बरं, आधी सात उभा बघा" म्हणाला असता. म्हणून चारचौघांत लिहितेय. लोक वाचतील, तुम्हाला येऊन सांगतील, मग तरी वाचाल.

निमित्त तसं किरकोळ आहे. गेल्या रविवारच्या पुरवणीतलं मोठं शब्दकोडं पूर्ण सुटलं. एकही घर मोकळं राहिलं नाही, आणि उत्तरासाठी पुढच्या रविवारची वाटही बघावी लागली नाही. शेजारी तुम्ही नव्हतात, पण प्रत्येक अडलेल्या शब्दापाशी मी तुमच्याच चालीने गेले. त्याबद्दल हे आभार.

बदली होऊन या गावात आले तेव्हा आठवड्यातला सगळ्यात लांब वार रविवार होता. ओळखीचं कोणी नाही, म्हणून वाचनालयात पेपर चाळत बसायचे. तुम्ही खिडकीजवळच्या टेबलावर पुरवणीची झेरॉक्स, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन बसलेले असायचात. वाचनालयाच्या पेपरावर घरं भरायची नाहीत अशी पाटी भिंतीवर आहे. तरी लोक भरतात, तेही बॉलपेनने आणि चुकीचं, आणि यातल्या चुकीचा तुम्हाला जास्त राग येतो.

एकदा मी डोकावून म्हटलं, "पाणी, तीन घरं. सलिल." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "असेल. उदक असेल. जीवन असेल, भुवन असेल. कमलसुद्धा असेल." मला वाटलं, थट्टा करताय. मग तुम्ही अमरकोशातला श्लोक म्हणून दाखवलात: आपः स्त्री भूम्नि वार्वारि सलिलं कमलं जलम्, पयः कीलालममृतं जीवनं भुवनं वनम्. एसटीच्या गर्दीत तिकिटांना पंच मारण्यात ज्यांची नोकरी गेली त्यांना हे पाठ कसं, असं विचारलं तर म्हणालात, "शाळेत छडी होती." आणि ते घर मोकळंच ठेवलंत. उभा शब्द आल्यावर 'जीवन' निघालं.

तेव्हापासून तुमची पद्धत मी पाहत आलेय. आडवा विचारला की तुम्ही त्याला छेदणारा उभा विचारता. सुरुवातीला याचा फार वैताग यायचा. माहीत आहे तर सांगून टाकावं ना! पण कऱ्हाडच्या कोड्यात मला ते पटलं. 'कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम असलेलं गाव, तीन घरं.' हे कोणीही सांगेल. पण कराड लिहायचं की कऱ्हाड? तुम्ही म्हणालात, गाडीच्या पाटीवर दोन्ही पाहिलंय, त्यामुळे माझी साक्ष काढू नका, उभा काय म्हणतो ते बघा. उभा होता 'अवनती, दोन घरं', दुसरं अक्षर 'स'. म्हणजे ऱ्हास. तिथे 'धान्याचा ढीग' असं असतं तर रास आली असती आणि गावाचं कराड झालं असतं. एवढ्याशा ऱ्हासाने एका गावाचं शुद्धलेखन ठरवलं, याची गंमत मला अजून जात नाही.

आपली कोडी घट्ट का विणलेली वाटतात तेही तुमच्याकडूनच कळलं. हा खेळ जन्मला न्यूयॉर्कमध्ये, तिथल्या 'न्यूयॉर्क वर्ल्ड'च्या रविवारच्या पुरवणीत, २१ डिसेंबर १९१३ला, आर्थर विनच्या हातून. तिकडे एका घरात सव्वीसपैकी एक अक्षर बसतं. आपल्याकडे एका घरात काना-मात्रेसकट अख्खं अक्षर बसतं. नुसती बाराखडी मोजली तरी चारशेच्या वर जातात, जोडाक्षरं वेगळीच. त्यामुळे आपल्याकडे छेदातून मिळालेलं एक अक्षर फार काही सांगून जातं. शेवटच्या घरात 'त्र्य' आलं की शब्द जवळजवळ हातात आलाच, फक्त 'स्वा' की 'पार' एवढंच घरं मोजून बघायचं. आणि म्हणूनच चुकीचं भरलेलं एक घरही इथे महागात पडतं. तुमच्या खोडरबराचा अर्थ मला तेव्हा लागला.

ऱ्हस्वदीर्घाबाबत मात्र तुम्ही अगदीच निष्ठुर आहात. १९६२च्या नियमांप्रमाणे 'कवी' दीर्घ, मग त्याच घरातून 'विहीर' खाली उतरलीच कशी? रचणाऱ्याने अशी सवलत घेतली की तुमचा रविवार बिघडतो. 'बुद्धी' दीर्घ आणि 'बुद्धिबळ' ऱ्हस्व हे मी शाळेत मार्कांपुरतं शिकले होते. त्या वेलांटीवर कुणाची सकाळ अवलंबून असते हे तुमच्याकडे बघून कळलं. माझं मत अजूनही असं की रचणाऱ्याला थोडी मोकळीक द्यावी. एवढं मोठं कोडं दर आठवड्याला विणायचं म्हणजे खायचं काम नाही. तुम्हाला हे पटणार नाही, ठाऊक आहे.

आणि थारोळं! 'मोटेचे पाणी इथे पडते, तीन घरं.' मला हा शब्द फक्त अपघाताच्या बातम्यांतून माहीत, तोही रक्ताचा. तुम्ही टेबलावर बोटाने विहीर काढलीत, बैल उतरतात ती धाव दाखवलीत, मोट वर येऊन उपडी होते ती जागा दाखवलीत आणि गप्प बसलात. 'ळे' आधीच आलेलं होतं. शब्द माझ्या तोंडून निघाला तेव्हा तुम्ही फक्त पेन्सिल पुढे केलीत. मोट मी उभ्या जन्मात पाहिलेली नाही, पण तिच्यातलं पाणी कुठे पडतं ते आता मला पक्कं माहीत आहे.

तुमचा तोल एकदाच गेला. 'पहिली एसटी पुण्याहून या शहरी गेली.' मी घरं मोजायच्या आतच तुम्ही तारखेसकट, १ जून १९४८सकट, उत्तर सांगून मोकळे. मग भानावर येऊन म्हणालात, "सात घरं असतील तर अहमदनगर, सहा असतील तर अहिल्यानगर. मोजा." तेवढं एक उत्तर फुकट मिळालं. हिशेबात धरत नाही.

तुम्हाला येत नसलेल्या शब्दांचंही तुम्ही कधी ओझं घेत नाही. स्वयंपाकघरातलं काही असेल तर वाचनालय झाडणाऱ्या मावशींना हाक, पुराणातलं असेल तर पाठच्या गल्लीतल्या गुरुजींना. सहदेवाचा शंख गुरुजींनी झोपेतून उठून सांगितला, 'मणिपुष्पक', आणि वर गीतेच्या पहिल्या अध्यायातले उरलेले शंखही फुंकून दाखवले. अगदीच अडलं तर दाते-कर्व्यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात खंड कपाटात आहेतच. पण ते सगळ्यात शेवटी उघडायचे, आणि मोबाईल तर नाहीच. या चौकशांपायी मला गावात माणसं झाली. मावशी आता रस्त्यात दिसल्या की "आज काय अडलंय?" असं विचारतात.

गेल्या रविवारी तुम्ही लेकीकडे गेला होतात आणि कोडं माझ्या एकटीच्या अंगावर पडलं. शेवटी उरला होता पाच घरांचा शब्द: 'गांधीजींचे गुजराती साप्ताहिक, उलटे वाचले तरी तेच.' मधलं 'जी' उभ्यातून आलं होतं. 'नवजीवन' लिहून झाल्यावर उलट वाचून बघितलं. ते तसंच राहिलं, आणि वर त्यात तुमच्या अमरकोशातलं 'जीवन' होतं! तिथे दाद द्यायला कोणीच नाही, यानेच मला हे पत्र लिहायला बसवलं.

मनापासून आभार, अण्णा. झेरॉक्स ड्रॉवरमध्ये ठेवली आहे, पेन्सिलने भरलेली. 'विहीर' कुठून उतरलीय ते बघून चिडू नका.

आपली,
खिडकीकडून दुसऱ्या खुर्चीवरची

ता. क. या रविवारचा एकवीस आडवा अडलाय. 'पावसाने उघडीप दिल्यावर जमीन पेरण्याजोगी होते ती अवस्था.' तीन घरं, शेवटचं 'सा'. उत्तर नको, कुठला उभा आधी बघू तेवढं सांगा.