‘प्रत्यक्ष तपासलेली’ धावपट्टी: तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख,
पुणे

विषय : आपल्या अ‍ॅपमध्ये हिरव्या वर्तुळाने दाखवलेली धावपट्टी ग्लायडर उतरवण्यास धोकादायक असल्याबाबत

महोदय/महोदया,

मी आपल्या उड्डाण-नकाशा अ‍ॅपची तीन वर्षांची वर्गणीदार आहे. ग्लायडिंग शिकले हडपसरला, विंचच्या (जमिनीवरून दोर ओढून ग्लायडर वर चढवणाऱ्या यंत्राच्या) दोरावर. आता अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात राहते आणि मिंडनहून 18 मीटर पंखांचं ग्लायडर उडवते. आपल्या इंग्रजी मदत-केंद्राकडे दोनदा लिहून झालं. कंपनी पुण्याची आहे, तेव्हा आता मराठीत लिहिते, निदान वाचलं तरी जाईल.

घटना जुलैमधली. दुपारी चारनंतर मी पाइन नट डोंगरांच्या पूर्वेला होते. ढगांची सावली पसरली, थर्मल (ग्लायडरला वर उचलणारे गरम हवेचे झोत) मरू लागले आणि डोंगर ओलांडून मिंडनला परतायची आशा संपली. आपल्या अ‍ॅपवर जवळच एका रँचची (गुरं पाळण्याच्या मोठ्या शेताची) कच्ची पट्टी हिरव्या वर्तुळात होती. लांबी 900 मीटर, शेरा ‘प्रत्यक्ष तपासलेली’. पट्टीपासून 3,000 फूट वर होते, म्हणून निवांतपणे तिकडे वळले. (कागदावर माझ्या ग्लायडरची घसरण 1 ला 40 पेक्षा चांगली आहे, म्हणजे एक मीटर उंची गमावून ते 40 मीटरहून जास्त पुढे जातं. पण इथल्या डोंगरांत निम्मीच धरायची असते, सिंक, म्हणजे खाली जाणारी हवा, लागला की कागद कामाला येत नाही.)

1,200 फुटांवर आल्यावर खाली काय आहे ते दिसलं. पट्टीच्या दोन्ही कडांना सेजब्रशची झुडपं आत सरकलेली, मधून पावसाच्या पाण्याने कापलेला एक चर. ग्लायडरला इंजिन नाही, ‘नको, परत फिरते’ म्हणायची सोय नाही. पश्चिमेकडच्या खडकाळ उतारावर दोन नॉटचं मरतुकडं थर्मल मिळालं म्हणून हे पत्र लिहिते आहे. आठ मिनिटं त्याच्यात गिरक्या घेतल्या, 1,500 फूट कमावले आणि जवळच्या यरिंग्टन गावाच्या डांबरी धावपट्टीवर उतरले. नवरा ट्रेलर घेऊन आला तोवर माझ्या हातांची थरथर थांबली नव्हती.

यावर आपल्या प्रतिनिधीचं उत्तर आलं की, उपग्रह-चित्रावरून तपासलं असता पट्टीची लांबी आमच्या नोंदीशी जुळते. अहो, जुळणारच! लांबीबद्दल मी कुठे बोलले होते?

पंधरा दिवसांनी मालकाची परवानगी घेऊन, मोजपट्टी आणि पाण्याचे कॅन गाडीत टाकून मी तिथे गेले. सगळी पट्टी पायी चालले. झुडपांमधली मोकळी रुंदी सर्वांत अरुंद जागी 12 मीटर, माझे पंख 18. झुडपं कंबरेएवढी, काही छातीएवढी. तिथे उतरणारं विमान सेसना 182 सारखं, छोटं इंजिनवालं, 11 मीटर पंखांचं. तेही पंख वर, छताच्या उंचीवर, त्यामुळे झुडपं खालून जातात. ग्लायडरचा पंख मात्र जमिनीलगत असतो आणि वेग कमी झाला की त्याचं टोक आणखी खाली येतं. ते झुडपात अडकलं की ग्लायडर जागच्या जागी गर्रकन फिरतं आणि बहुतेक वेळा शेपटीचा दांडा मोडतो. याला ग्राउंडलूप म्हणतात. हे आपल्याकडे कोणाला ठाऊक नसेल, तर ग्लायडरसाठी वेगळी वर्गणी घेऊ नये.

मालकाला विचारलं, कोणी बघायला आलं होतं का? त्याच्या आठवणीत कोणीच नाही. पट्टीत त्याचा काही दोष नाही, त्याच्या कामापुरती ती उत्तम आहे.

तपासणी म्हणजे काय याची आपली कल्पना काय आहे, हे मला कळलेलं नाही. आमच्याकडचे जुने वैमानिक उन्हाळ्याच्या सुरुवातीला गाड्या काढून अशा पट्ट्या पाहत फिरतात. अडथळ्यांमधली रुंदी मोजतात, खारींची बिळं बघतात, कुंपणाची तार कुठे आहे ते लिहितात (वरून खांब एखादवेळेस दिसतात, तार दिसतच नाही), फाटकाला कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे असते तेही विचारतात. कोरडं तळं असेल तर त्यावर आधी पायी चालतात, मग गाडी चालवतात, कारण वरची खपली वाळलेली आणि आत चिखल, असं इथे नेहमीचं आहे. उन्हाचाही हिशेब असतो. 4,600 फुटांवरची पट्टी 36 अंशांत हवेच्या दृष्टीने 8,000 फुटांवर जाऊन बसते, कारण तापलेली हवा विरळ होते. वेगाच्या काट्यावर 55 नॉट दिसतात, तेव्हा जमीन खालून 62 नॉटने पळत असते. फोनला रेंज आहे का, हीसुद्धा नोंदच. याच भागातल्या एका खासगी पट्टीवरून सप्टेंबर 2007 मध्ये विक्रमवीर वैमानिक स्टीव्ह फॉसेट यांनी उड्डाण केलं, त्यांच्या विमानाचे अवशेष सापडायला वर्ष उलटलं. इतका हा मुलुख निर्जन आहे.

यातलं काहीही उपग्रहाच्या चित्रावर दिसत नाही. झुडूप वरून नुसता ठिपका दिसतं, त्याची उंची कळत नाही.

तेव्हा, जिथे माणूस पायी चाललेला नाही त्या प्रत्येक पट्टीवरचं हिरवं वर्तुळ आणि तो शेरा काढावा. जिथे चाललेला आहे तिथे तारीख आणि झुडपांमधली रुंदी लिहावी. झुडपं वाढतात, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीची नोंद पिवळी करावी. आणि ही पट्टी आज, या आठवड्यात, लाल करावी. हंगाम अजून संपलेला नाही, रोज कोणी ना कोणी त्या बाजूला उडतं आहे.

वर्गणीच्या परताव्याचं नंतर बघू. दहा दिवसांत उत्तर न आल्यास ही मोजमापं मी इथल्या क्लबांना पाठवणार आहे.

आपली,
एक वर्गणीदार, मिंडन, नेवाडा

सोबत : पट्टीची 14 छायाचित्रं, दर 50 मीटरवर मोजलेली रुंदी, त्या दिवसाची उड्डाण-नोंद