छुपं गाणं पेन ड्राइव्हवर का येत नाही?

महोदय,

अल्बमच्या शेवटी दडवलेल्या गाण्यांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. विषय झकास, पण दोन दुरुस्त्या. ही गंमत सीडीबरोबर आली असं त्यात म्हटलं आहे. बीटल्सच्या 'अ‍ॅबी रोड'च्या (१९६९) शेवटी साधारण १४ सेकंदांच्या शांततेनंतर २३ सेकंदांचं 'हर मॅजेस्टी' वाजतं, तेव्हा सीडी कुठे होती? ते गाणं खरं तर गाळलेलं. पण ध्वनिमुद्रित काहीच फेकायचं नाही हा स्टुडिओचा शिरस्ता, म्हणून तंत्रज्ञानं तुकडा टेपच्या टोकाला जोडून ठेवला आणि तो तिथेच राहिला. दुसरं, निर्वाना या रॉक बँडच्या 'नेव्हरमाइंड'च्या (१९९१) पहिल्या प्रतींत 'एंडलेस, नेमलेस' हे छुपं गाणं नाही ते मुद्दाम नव्हे. मास्टरिंगमध्ये, म्हणजे छपाईआधीची अंतिम प्रत करताना, चुकून राहिलं.

खरा मुद्दा वेगळाच. नाशिकमध्ये सध्या घरोघरच्या सीड्या पेन ड्राइव्हवर उतरवून रद्दीत चालल्या आहेत आणि छुपी गाणी त्यांच्याबरोबर जात आहेत. 'नेव्हरमाइंड'मध्ये शेवटच्या गाण्यानंतर दहा मिनिटं काहीच वाजत नाही. नाशिकच्या द्वारका चौकात गाणं संपलं तर पुढचा आवाज येईपर्यंत गाडी उड्डाणपुलावरून पाथर्डी फाट्याच्या आसपास पोचलेली असते. उतरवणाऱ्याला वाटतं फाइल बिघडली. तो चौथ्या मिनिटाला कापून मोकळा होतो. म्हणून आधी शेवटच्या ट्रॅकची लांबी बघा. चार मिनिटांचं गाणं वीस मिनिटांचं दिसत असेल तर कापू नका. नाइन इंच नेल्सच्या 'ब्रोकन'मध्ये (१९९२) तर सहा गाण्यांनंतर ७ ते ९७ हे ९१ ट्रॅक निव्वळ शांततेचे आणि ९८, ९९ वर दोन गाणी. रिकाम्या फायली एकगठ्ठा उडवताना ती दोन्ही जातात.

सगळ्यात जास्त हुकतात ती पहिल्या ट्रॅकच्या आधीची गाणी. सीडीच्या अनुक्रमणिकेत पहिला ट्रॅक कुठे सुरू होतो एवढंच लिहिलेलं असतं. त्याआधीच्या जागेला क्रमांकच नसतो, म्हणून संगणक तिकडे फिरकत नाही. क्वीन्स ऑफ द स्टोन एजच्या 'साँग्ज फॉर द डेफ'मध्ये (२००२) असा तुकडा आहे. साध्या सीडी प्लेअरवर पहिलं गाणं लावून मागे नेण्याचं बटण दाबून धरा, नुसतं टिचकावू नका. वेळ उणे आकड्यात पळू लागेल, ती आणखी मागे जायची थांबली की बटण सोडा.

संगणकावर 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' या मोफत प्रोग्रॅममध्ये पहिल्या ट्रॅकची सुरुवात शून्यावर आहे का ते बघावं. अर्ध्या सेकंदाचा फरक पुष्कळ सीड्यांवर असतो, त्यात काही नाही. मिनिटभराचा असेल तर बहुतेक काहीतरी दडवलेलं आहे. मग ट्रॅक न निवडता 'कॉपी रेंज' घ्यायची, शून्यापासून पहिल्या ट्रॅकपर्यंत. फाइल निघाली पण आत पूर्ण सन्नाटा, असंही होतं. संगणकाचे काही सीडी ड्राइव्ह त्या भागाचे नुसते शून्य परत देतात. सीडीला दोष न देता दुसऱ्या ड्राइव्हवर लावून बघा.

शेवटच्या ट्रॅकमधलं गाणं वेगळं करायला 'ऑडॅसिटी' हा आवाज कापण्या-जोडण्याचा प्रोग्रॅम पुरे. शांतता शोधताना मर्यादा उणे ६० डेसिबल आणि किमान लांबी ३० सेकंद ठेवावी. पाच-सहा सेकंद ठेवली की गाण्यातलेच हळू भाग तुटतात. विरत जाणाऱ्या शेवटाला दोन-तीन सेकंद जास्त सोडावेत, नाहीतर शेपूट छाटल्यासारखं ऐकू येतं. शांतता आपोआप आक्रसवणारा 'ट्रंकेट सायलेन्स' मात्र वापरू नये. त्यात दोन्ही गाणी एकमेकांवर येऊन आदळतात.

आणि जागा वाचवायला म्हणून शांतता कापत असाल तर हिशेब असा: १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपी३मध्ये दहा मिनिटांची शांतता साडेनऊ एमबी खाते, पण फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता फाइल लहान करणारा प्रकार) जवळजवळ काहीच नाही. मूळ अखंड प्रत फ्लॅकमध्ये ठेवा, गाडीसाठी तुकडे वेगळे करा आणि पहिल्या ट्रॅकआधीच्या फाइलला ०० क्रमांक द्या, म्हणजे ती यादीत आपल्या जागी बसते.

— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक