रात्री दोनचं दूध, सकाळी साडेसहाचा चहा

अ‍ॅम्स्टेलव्हेन, नेदरलँड्स, एप्रिलचा पहिला आठवडा

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

रोज फोनवर बोलतो, मग हे पत्र कशाला लिहितेय, असं तुम्हाला वाटेल. पण फोन लावला की तुम्ही दोघं डोकी जोडून बसता आणि "दाखव, दाखव, तोंड इकडे कर तिचं" यातच वीस मिनिटं जातात. मला ते बघायला फार आवडतं. बोलायचं मात्र राहून जातं. आणि आई, फोन ठेवताना तू न चुकता म्हणतेस, "पहिलं बाळंतपण, आणि मी नव्हते गं तिथे." चार महिने ऐकतेय. दर वेळी मी "असू दे गं" म्हणते. पण "असू दे" हे काही त्याचं उत्तर नाही. खरं उत्तर मोठं आहे, म्हणून लिहायला बसले.

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नेमकं नोव्हेंबरात आलं. त्यांना तसं सोडून तू आली असतीस तर मला इथे सुखाचा घास गेला नसता. तेव्हा त्या विषयाला आता इथेच गाठ मारू या.

चिऊ पहाटे जन्मली आणि संध्याकाळी आम्ही तिला घेऊन घरी होतो. इथे सगळं सुरळीत असेल तर दवाखान्यात ठेवत नाहीत, काही तासांत घरी पाठवतात. बाहेर बारीक पाऊस, साडेचारलाच अंधार. खोलीत आम्ही तिघंच. माझ्या पोटात गोळा आला होता, आता हे सगळं कसं निभावणार म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली आणि क्रामझोर्खची, म्हणजे बाळंतिणीच्या घरी येऊन देखभाल करणाऱ्या सेवेची, ताई आली. तुला मी फोनवर नुसतं "नर्स येते" असं सांगितलं होतं, पण ती नर्सही आहे आणि आपल्याकडच्या बाळंतिणीपाशी राहणाऱ्या मावशीही. बाळंतपणानंतर पहिले आठ दिवस घरी येते. विम्यात बसतं, कमीत कमी 24 तास आणि जास्तीत जास्त 80 तास मिळतात. माझे टाके बघायची, बाळाचा ताप घ्यायची, वजन करायची, आणि मग कपडे धुऊन, चहा करून माझ्या उशाशी ठेवायची.

ती यायच्या आधी पलंग उंच करून ठेवावा लागतो, 80 सेंटिमीटर, म्हणजे तिला कमरेत वाकावं लागत नाही. त्यासाठी पायांखाली ठोकळे देतात. यांनी ठोकळे लावले आणि मी त्या उंच पलंगावर चढून बसले, तेव्हा मला एकदम आपल्या मधल्या खोलीतला पलंग आठवला. चार पायांखाली विटा, आणि खाली ट्रंका, गव्हाची कोठी, माझी फुटकी पेटी. त्याच उंचीवर मी परत झोपले होते.

आता अळिवाची गोष्ट ऐक. तू पाठवलेला अळीव मी तिसऱ्या दिवशी दुधात भिजत घातला. ताईने वाटीत डोकावून पाहिलं, दोन दाणे बोटावर घेतले आणि म्हणाली, "टाउनकेर्स!" इथली लहान मुलं शाळेत ओल्या कापसावर हेच बी पेरतात. त्याची हिरवी कोवळी रोपं दुकानात छोट्या डब्यांत मिळतात, पावावर घालून खातात. पण याची खीर होते, आणि ती बाळंतिणीला देतात, हे तिला नवीन होतं. तिला वाटीभर दिली. गूळ आणि खोबरं घातलेली. वाटी चाटूनपुसून खाल्ली तिने. मग तिने मला तिच्याकडचं बाळंतिणीचं खाणं करून दिलं. गोल कुरकुरीत टोस्ट, त्यावर लोणी, आणि लोण्यावर गुलाबी-पांढऱ्या गोळ्या, ज्यांना हे लोक मौशेस म्हणतात, म्हणजे उंदरं. दातांखाली फोडली आणि आत निघाली बडीशेपेच्या जातीची बी, अ‍ॅनिसीड! "दूध येतं याने," ताई म्हणाली. आई, मी तो टोस्ट हातात धरून रडायलाच लागले. तू बाळंतशोपांची पुडी पाठवताना हेच शब्द म्हणाली होतीस. दोन बायका, एकमेकींची भाषा येत नाही, एक साताऱ्यात आणि एक इथे, आणि दोघी मला चिमूटभर शोपा देऊन एकच गोष्ट सांगताहेत. मला त्या दिवशी कुणी एकटी म्हणालं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं.

बाळ बघायला येणाऱ्या प्रत्येकाला हेच टोस्ट द्यायचे असतात. मुलगी झाली की गुलाबी, मुलगा झाला की निळे. आपल्याकडे पेढे आणि बर्फी, तसंच. 2003 मध्ये इथल्या राजकन्येच्या, अमालियाच्या जन्माच्या वेळी केशरी काढले होते म्हणे. तुम्ही पाठवलेले कंदी पेढे मी त्याच ताटलीत शेजारी मांडले. पेढे आधी संपले.

नाव नोंदवायची इथे घाई असते, तीन दिवसांत नगरपालिकेत जावं लागतं. म्हणजे बारशाच्या कितीतरी आधी तिचं नाव कागदावर लागलं होतं. पण आम्ही दोघांनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. बाराव्या दिवशी फोनवर तुम्ही सगळे जमलात, पाळण्याऐवजी शेजारच्या आजींनी दिलेली वेताची टोपली होती, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" झालं, आणि मग आत्याची पाळी आली. यांनी फोन बाळाच्या कानाशी धरला. वन्सं इतक्या हळू बोलल्या की आम्हाला दोघांनाही ऐकू आलं नाही. बारा दिवसांचं ते पोर डोळे उघडून एकदम स्थिर झालं. तुला ते तिकडून दिसलं का, मला माहीत नाही. मला दिसलं. ते एक मी कधी विसरणार नाही.

तिच्या अंघोळीबद्दल तू रोज विचारतेस. इथे तान्ह्या बाळाला बादलीत अंघोळ घालतात. खास त्यासाठीच केलेली, जाड काठाची बादली असते. ताईने पहिल्या दिवशी पाणी घेतलं, थर्मामीटर टाकला, 37 अंश, आणि तरीही वर आपलं कोपर बुडवून पाहिलं. मला हसू फुटलं. तूच, अगदी तूच! थर्मामीटर एवढा समोर असताना कोपरावरच भरवसा. चिऊला पाण्यात सोडलं तर तिने गुडघे पोटाशी घेतले, मुठी हनुवटीखाली ठेवल्या, आणि खांद्यापर्यंत पाण्यात बसून डोळे मिटले. रडणं नाही, काही नाही. कपाळावरच्या आठ्या एक एक करून गेल्या. पोटात अशीच बसत असणार ही, असं वाटलं.

मालिश मात्र मी आपल्याच पद्धतीने करते. जमिनीवर पाय लांब करून, तिला नडग्यांवर पालथी घेऊन. खोबरेल तेलाची वाटी आधी हीटरवर ठेवते, दहा मिनिटांत कोमट होते. डिसेंबर-जानेवारीत ऊन असं नव्हतंच. पावणेनऊला उजाडायचं आणि तेही राखाडी. इथे सगळ्याच बाळांना डी जीवनसत्त्वाचे थेंब रोज देतात, आपल्याकडे कोवळ्या उन्हात धरतात ते काम थेंबांकडून. मग फेब्रुवारीत एका सकाळी दिवाणखान्याच्या फरशीवर उन्हाचा एक तुकडा पडला. पोळपाटाएवढा. मी धावत जाऊन तेलाची वाटी आणली आणि तिला त्या तुकड्यात ठेवलं. तो सरकेल तसं आम्ही दोघी सरकत होतो. तेल लावलेल्या तिच्या पायांवर ऊन असं चकाकत होतं, जणू नुकताच घासलेला तांब्या. मांडीच्या वळ्यांत तेल साठलेलं, आणि मानेच्या वळीत तो वास. आई, तुला माहीतच आहे तो. दूध, खोबरेल आणि थोडंसं आंबूस. मी तिथे नाक खुपसून किती वेळ पडले होते कोण जाणे. ऊन गेलं तेव्हा उठले.

बाबा, आता तुमच्यासाठी. बाळाला वजनासाठी इथल्या बालक केंद्रात नेतो. तिथे पूर्ण उघडं करून काट्यावर ठेवतात आणि आलेखावर टिंब काढतात. जन्माला 3 किलो 100 ग्रॅम होती, परवा 6 किलो 200 भरली. बरोब्बर दुप्पट. तुम्ही वहीत लिहून ठेवालच, म्हणून ग्रॅमसकट सांगितलं. केंद्रातून परत येताना आम्ही अ‍ॅमस्टरडॅमसे बोस या जंगलातून येतो. हे जंगल माणसांनी केलंय, बाबा. 1934 पासून, मंदीच्या काळात, हजारो बेकार माणसांना कामाला लावून खणलं, भर घातली, झाडं लावली. तुमच्या पाटबंधारे खात्यातल्या गोष्टी ऐकत मोठी झालेली मी, त्या कालव्यांच्या काठाने बाबागाडी ढकलताना मनातल्या मनात तुम्हाला दाखवत असते, हे दार असं उघडतं, पाणी असं उपसतात. इथली जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेल्या पोरीची लेक समुद्राच्या खाली वाढतेय, हे मला रोज नवं वाटतं. डोक्यावरून स्खिपोल विमानतळाची विमानं जातात. चिऊ आता आवाजाकडे मान वळवते, आणि मी तिला सांगते, यातल्या एकातून आजोबा येणार.

तुमचे जावई सुद्धा वेगळेच झालेत. बाळाच्या वडिलांना इथे आधी एक आठवडा पूर्ण पगारी आणि मग पाच आठवडे 70 टक्के पगारावर रजा मिळते. यांनी ती सगळी घेतली. आता बुधवारी कामावर जात नाहीत, तो बापाचा दिवस. आमच्या रस्त्यावर बुधवारी कितीतरी बाप बाळं घेऊन फिरताना दिसतात. ते तिला छातीशी बांधून भाजी आणायला जातात आणि येताना गाणं म्हणत येतात, बेसूर आणि मोठ्याने. मी खिडकीतून बघते. बाबा, मला सायकल शिकवताना तुम्ही कॅरियर धरून पळायचात आणि असेच मोठमोठ्याने आकडे मोजायचात.

आणि हसणं! पहिलं आवाजाचं हसू कधी आलं ते सांगायचं राहिलं. कपडे वाळत घालत होते. ओला टॉवेल फटकन झटकला आणि मागून असा काही आवाज आला की मी दचकले. ती हसत होती. पुन्हा झटकला, पुन्हा हसली. सगळी बादली संपली, मग वाळत घातलेले कपडे काढून परत झटकले. यांना कामावर फोन लावून नुसता तो आवाज ऐकवला, बोलले काहीच नाही.

रात्रीचं एक तुम्हाला कधीच सांगितलेलं नाही. सुरुवातीपासून तिचं रात्रीचं एक दूध ठरलेलं, दोनच्या ठोक्याला. बाकीच्या वेळा बदलल्या, ही बदलली नाही. पहिल्या काही रात्री सगळं जग झोपलंय आणि आपणच जागे, असं वाटायचं. मग एकदा लक्षात आलं की इथले दोन म्हणजे तुमचे सकाळचे साडेसहा. त्या वेळी बाबा काठी घेऊन दार उघडायला येतात, दूधवाला मापाने दूध घालतो, तू गॅसवर आधण ठेवतेस आणि आलं ठेचतेस. तुमच्या दारात दूध येतंय आणि माझ्या मांडीवर ही दूध पितेय! तेव्हापासून ती वेळ माझी सगळ्यात आवडती झाली. अंधारात तिचा घुटक्-घुटक् आवाज ऐकते आणि आपलं स्वयंपाकघर बघत बसते. आता चहा गाळला, आता बाबांनी बशी मागितली. आई, तू नव्हतीस असं तू म्हणतेस. रोज रात्री दोनला तू माझ्यासमोर ओट्याशी उभी असायचीस.

गेल्या रविवारी इथे उन्हाळ्याचं घड्याळ लागलं, सगळी घड्याळं एक तास पुढे. आपल्यातलं अंतर साडेचार तासांचं साडेतीन झालं. मला काळजी वाटली, आता आपली वेळ मोडणार. पण बाळाला कुठलं घड्याळ? ती तिच्या वेळेलाच उठली. भिंतीवर बघते तर तीन. हिशेब केला. साताऱ्यात साडेसहा!

माझी रजा या महिन्याअखेर संपते, मे महिन्यात मी कामावर जाईन. जूनमध्ये तुम्ही येताय, 90 दिवसांचा व्हिसा आहे, पुरेपूर राहायचं. तेव्हा इथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, बाबांना संध्याकाळी फिरायला भरपूर वेळ मिळेल, आणि जंगलातला रस्ता सपाट आहे, गुडघ्याला त्रास नाही. अळीव आणू नका, इथे मिळतो. तुझी दोन जुनी सुती पातळं आण, मऊ झालेली, आणखी एका गोधडीसाठी. पाठवलेल्या गोधडीत तिला इतकी गाढ झोप लागते की ती धुवायला टाकली की पंचाईत होते. ते निळं पातळ, बारीक ठिपक्यांचं, असेल तर तेच आण.

लिहिता लिहिता बराच उशीर झाला. पलीकडे टोपलीत चुळबुळ सुरू झालीये, मूठ चोखतेय. तीन वाजायला दोन मिनिटं आहेत. दूधवाला जिन्यात आला असेल.

तुमची,
लेक